ताईची वाटून टाकलेली गाडी

ताई,

पेपरात तुझ्या फोटोखाली तुझ्या भावाने ‘शांत व मनमिळाऊ स्वभावाच्या’ असं छापून आणलंय. मी हरकत घेतली होती. म्हटलं, संदेश, तू आपल्या बहिणीबद्दल लिहितोयस की समोरच्या ब्लॉकमधल्या काकूंबद्दल? तो म्हणाला, जाहिरात घेणाऱ्याकडे तयार मजकूर असतात, त्यातल्या त्यात हाच बरा होता. तू वाचलं असतंस तर फोन करून त्या माणसाला असं झापलं असतंस की तुझा शांत स्वभाव त्याला जन्मभर लक्षात राहिला असता. तुझं शिक्षण, तुझी एक्स-रे विभागातली नोकरी, तुझं दुखणं, हे सगळं भेटायला येणाऱ्यांना सांगून सांगून माझं तोंड दुखलंय. ते इथे पुन्हा लिहीत नाही. मला तुझ्याशी गाडीबद्दल बोलायचंय. आपलं भांडण अर्धवट राहिलं आणि तू मधेच उठून गेलीस.

लग्नाआधी माझ्या मावशीने मला बाजूला घेऊन बजावलं होतं, “घरात बिनलग्नाची मोठी नणंद आहे हो, जपून राहा.” मी जपून राहायच्या तयारीनेच मुलुंडला आले. पहिल्याच सकाळी आईंनी, म्हणजे तुझ्या आईने आणि माझ्या सासूबाईंनी, खिडकीतून खाली बोट दाखवलं. “ती म्हस बांधलेली बघितलंस मां? ती ह्या बायेची.” जिन्याजवळ काळी, बुटकी, रुंद मोटारसायकल उभी होती. मागचा टायर एखाद्या छोट्या टेम्पोला शोभेल असा. मला वाटलं आई थट्टा करतायत. तेवढ्यात तू आतून आलीस, पाच फूटही नसलेली, हातात दोन हेल्मेट, आणि म्हणालीस, “स्वाती, चहा घेतलास ना? मग चल, तुला कसारा घाट दाखवते.” नव्या नवरीला नणंद देवदर्शनाला नेते असं मी ऐकलं होतं.

मुलुंड ते भिवंडी बायपास मी मनातल्या मनात मावशीचे आभार मानत होते. गाडी नुसती कुरकुरत होती. दर सिग्नलला गिअर खाली, गिअर वर, चेनचा खडखडाट, रेडिएटरची गरम हवा थेट पोटरीवर. मागच्या सीटवर बसून मला वाटलं, एवढ्या अवजड धुडात या बाईला काय दिसलं? शहापूर मागे पडलं आणि त्या धुडाचा आवाज बदलला. खडखड गेली, एक जाड, भरलेला घुमारा सुरू झाला, जसा एखादा माणूस ऑफिसातून सुटून घरी येतो आणि शर्टाची वरची बटणं सोडून नीट श्वास घेतो. घाटात पुढे कंटेनरची रांग होती. तू एक गिअर खाली टाकलास, मान न वळवता म्हणालीस, “धर हं,” आणि आपण त्या रांगेच्या शेजारून अशा वर गेलो की मी आधी “ताई, जरा हळू चालवा” म्हटलं, मग “अहो ताई!” आणि मग “अगं ए, थांब ना!” घाटमाथ्यावर तू हेल्मेट काढून पोट धरून हसत होतीस. “बरं झालं. आता तूच म्हणायचं. अहो-जाहो घाटाखालीच राहू दे.”

त्या दिवसापासून मावशीचा सल्ला मी मनातून काढून टाकला.

तुझ्या गाडीला कोणी चांगलं म्हटलेलं मी फारसं ऐकलं नाही. रविवारी सकाळी चेकनाक्याजवळच्या चहावाल्याकडे सगळे बाइकवाले जमायचे. त्यात डुगडुग आवाजाच्या जुन्या धाटणीच्या गाड्या असायच्या, पुढे वाकून चालवायच्या रेसवाल्या असायच्या, आणि कोपऱ्यात तुम्ही मूठभर. तुमच्या गाडीबद्दल सगळ्यांचं एकच मत, ना धड क्रूझर, ना धड रेसर. क्रूझर म्हणावी तर ती निवांत चालत नाही, सारखी पळायला मागते. रेसर म्हणावी तर केवढी जड. शहरात वाट लावते, एका रेसवाल्याने तुला तोंडावर सांगितलं. तू बशीतला चहा संपवलास आणि म्हणालीस, “शहरात माझी पण वाटच लागते रे. हायवेला भेट.” त्यानंतर माळशेजच्या वाटेवर तो भेटला, आणि तो परत शहाणपणा शिकवायला आला नाही, एवढंच मला माहीत आहे.

मी पण तुला चिडवायचे. कंपनीने ते मॉडेल बंद केलं तेव्हा मी म्हटलं, बघ, कोणी घेतच नव्हतं, कंपनी तरी काय करणार. तू भाजी निवडत होतीस. “लोक कारलं पण घेत नाहीत. त्यात कारल्याचं काय चुकलं?” या बाबतीत तुझ्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. तुझं म्हणणं पक्कं होतं. सीट खाली आहे, म्हणून बुटक्या बाईचे दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतात. ताकद मोठ्या गाडीची आहे, म्हणून घाटात कोणाच्या मागे धूर खात बसावं लागत नाही. आणि तिसरी गोष्ट तू मला लिंक रोडवर दाखवलीस. मला अंधेरीला ऑफिसात सोडायला निघाली होतीस, पवईच्या उतारावर पुढच्या टेम्पोने करकचून ब्रेक मारला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा आपण टेम्पोच्या मागे सरळ रेषेत उभ्या होतो, आणि तू टेम्पोवाल्याच्या खानदानाची चौकशी करत होतीस. मग मला म्हणालीस, “ही थांबते, म्हणून मी पळवते. जी थांबत नाही ती पळवण्यात काय अक्कल आहे?”

मी याच गाडीवर शिकले. मिठागराच्या बाजूच्या त्या मोकळ्या रस्त्यावर, रविवारी उन्हं तापायच्या आत. तू मागे बसायचीस आणि माझ्या पाठीत गुद्दे घालायचीस. क्लच सोडला की गुद्दा, क्लच सोडला नाही तरी गुद्दा. लायसन्स काढून आणलं तेव्हा आईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या, आणि त्या गाडीवरूनही ओवाळल्या. मला ती गाडी हवी होती, ताई. एखादीला नणंदेचा चपलाहार आवडतो, एखादीला तिची पैठणी. मला तुझी म्हैस हवी होती. तुला हे माहीत होतं, सगळ्या घराला माहीत होतं.

आता ज्यावरून आपलं वाजलं, त्याकडे येते.

कंपनीने गाडी बंद केल्यावर तिचे सुटे भाग मिळेनासे झाले. मागवले तर काही महिन्यांनी यायचे, आले तर भलतेच यायचे. तेव्हा तू त्या मूठभर लोकांत तुमच्या जुन्या परळच्या चाळीतला रिवाज आणलास. लहानपणी शेजारून साखर, तांदूळ, डाळीचं पीठ उसनं यायचं, आणि गेलेली वाटी कधी रिकामी परत यायची नाही, तसं. ज्याची गाडी अडली त्याने मागायचं, ज्याच्याकडे जास्तीचं आहे त्याने द्यायचं, पैशाची गोष्ट काढायची नाही. परत करताना सोबत काहीतरी आणायचं. बोरिवलीच्या कामतकाकांनी तुझा क्लच लिव्हर परत केला तो कुळथाच्या पिठाच्या पिशवीत घालून. घाटकोपरचा निलेश रेडिएटरची टोपी द्यायला आला तेव्हा त्याच्या आईने केलेला मिरचीचा ठेचा घेऊन आला, आणि त्या ठेच्याने तुझ्या भावाचे दोन दिवस वाया गेले. या एकाच मॉडेलची मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत जेवढी घरं होती, तेवढ्या घरांतल्या डब्यांना ग्रीसचा वास यायला लागला होता.

मग तुझं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दुचाकी बंद सांगितली. आम्ही सगळे म्हणालो, तात्पुरतं आहे.

पहिल्यांदा क्लच प्लेटा गेल्या, कामतकाकांकडे. त्यांची गाडी वर चढायची बंद झाली होती, आणि तुझी खाली नुसतीच उभी. मला ते पटलं. मग निलेशला हेडलाइट गेला, पाठोपाठ मीटर गेला. मग मीरा रोडच्या एकाला पुढची डिस्क. मी ऑफिसातून यायचे आणि जिन्याजवळ गाडी थोडी अजून कमी झालेली असायची. पुढचं चाक गेलं त्या दिवशी मी चपला न काढताच तुझ्या खोलीत आले.

“ताई, हे काय चाललंय? सगळी गाडी संपवणार आहेस का?”

“संपत कुठे आहे? चालतेय. फक्त वेगवेगळ्या ठिकाणी.”

“आणि तू बरी झालीस की कशावर बसणारेस?”

तू उशी नीट केलीस. “चहा टाक ना गं.”

“मला उत्तर दे.”

“उभी राहून गंजायला घेतली नव्हती मी ती. माझी गाडी आहे, स्वाती.”

“मला विचारायचं तरी!”

मी चहा टाकला नाही. आईंनी टाकला, आणि दोघींच्या हातात कप देऊन त्या म्हणाल्या, “भांडा, पण गरम आसा तोवर पिया.”

त्यानंतर वर्षभर आपण हेच भांडलो, ताई. मला गाडी मिळाली नाही म्हणून मी चिडले, असं तुला वाटलं असेल. अर्धं खरंही होतं. पण उरलेलं अर्धं मी तुला सांगू शकले नाही. जोवर ती गाडी खाली अख्खी उभी होती तोवर तू बरी होणार होतीस. प्रत्येक वस्तू जिन्यातून बाहेर गेली की मला कळत होतं, तू हिशेब उरकते आहेस. आम्हाला खोटं बोलायला लावून स्वतः खरं बोलत होतीस, तेही एक शब्द न उच्चारता. म्हणून मी भांडत होते. तुलाही ते कळत असणार, कारण तू एकदाही मला ‘गप्प बस’ म्हणाली नाहीस, आणि ते तर तुझे आवडते शब्द.

तू गेल्यानंतरच्या रविवारी तुझी सगळी मंडळी घरी आली. दिवस झाले नव्हते, घरात सुतक, म्हणून मी दार उघडून नुसती बाजूला झाले. कामतकाका पुढे, त्यांच्यामागे निलेश, मीरा रोडचा तो उंच माणूस, आणि बाकीचे. प्रत्येकाच्या हातात पिशवी. त्यांनी तुझ्या फोटोला नमस्कार केला आणि मग एकेकाने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीबाही काढून सतरंजीवर ठेवायला सुरुवात केली. हेडलाइट. मीटर. डिस्क. क्लच प्लेटा, तेलाने माखलेल्या, प्लास्टिकच्या डब्यात. दोघांनी मिळून पुढचं चाक उचलून आणलं होतं, ते भिंतीला टेकवलं.

कामतकाका म्हणाले, “स्वाती, हे सगळं तिचंच. आम्ही ठरवलं, गाडी पुन्हा उभी करू. खालीच बसून जोडतो, दोन रविवारात होईल. ती गाडी तुझी आहे. आम्हाला माहीत आहे तुला किती हवी होती.”

संदेश खिडकीकडे तोंड करून उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते. मला काय वाटलं, खरं सांगू? आनंद झाला. सुतकात, तुझ्या फोटोसमोर, मला आनंद झाला. वर्षभर मी जे मागत होते ते सगळं सतरंजीवर माझ्यासमोर पडलं होतं. मी जिंकले होते, आणि उलट बोलायला तू नव्हतीस.

मी पाणी आणायला वळले आणि सहज विचारलं, “बोरिवलीहून कसे आलात, काका?”

“बसने. मग रिक्षा.”

“आणि गाडी?”

“ती आहे की खाली आमच्या बिल्डिंगमध्ये. उघडी आहे जरा.” क्लचचा डबा त्यांनी उगाच थोडा सरळ केला. “ती बघू नंतर.”

मी निलेशकडे पाहिलं. तो लोकलने, मग बसने आला होता. मीरा रोडचा माणूस चाक घेऊन टेम्पोतून. एकही जण गाडीवर आला नव्हता. ताई, त्यांनी आपापल्या चालत्या गाड्या उघडल्या होत्या. तुझी एक गाडी उभी राहावी म्हणून इतक्या जणांनी आपल्या गाड्या आपल्या हाताने बंद पाडल्या होत्या, आणि वर त्याबद्दल बोलायलाही लाजत होते.

मग मला तुझ्यासारखा राग आला. खरंच, अगदी तुझ्यासारखा. मी म्हटलं, “काका, तुमचं डोकं फिरलंय का? ताईने वर्षभर माझ्याशी भांडण घेतलं ते कशासाठी? तुमच्या गाड्या चालाव्यात म्हणून ना? आणि ती गेल्यावर आठवड्याच्या आत सगळ्यांनी मिळून गाड्या बंद केल्यात? तिच्या नावाने? तिला कळलं असतं तर तिने एकेकाला जिन्यावरून खाली ढकललं असतं. उचला हे सगळं. उचला म्हणते ना!”

कामतकाका म्हणाले, “पण मग तुला...”

“माझं मी बघेन. ताईची गाडी बंद करायचा हक्क मला नाही. तुम्हालाही नाही.”

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी तुझी बाजू मांडतेय. शब्द न शब्द तुझे. वर्षभर ज्या मुद्द्यांना मी नाकं मुरडली तेच मुद्दे मी, तुझ्याच चढ्या आवाजात, तुझ्याच माणसांना ऐकवत होते. तू वरून ऐकत असशील तर काय हसली असशील! आणि त्याच क्षणी, ताई, मला तुझा इतका अभिमान वाटला की सतरंजीवर बसून मी रडले. गेल्यावर माणसाची घरंदारं वाटली जातात, दागिने वाटले जातात, भावंडं कोर्टात जातात. तू हयात असताना, आपल्या हाताने, आपली सगळ्यात लाडकी वस्तू वाटून मोकळी झालीस, आणि ज्यांना दिलीस ती माणसं ती परत द्यायला धावत आली. असं किती जणांचं होतं? हे मी तुला समोर बसून सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही, कारण तेव्हा मी भांडत होते.

आईंनी तोवर पिशव्या ताब्यात घेतल्या होत्या. सुतक होतं, घरात चूल पेटत नव्हती, शेजारून आलेलं जेवण होतं. पण आईंनी बाल्कनीतली कढीपत्त्याची कुंडी जवळपास भादरली आणि प्रत्येक पिशवीत एकेक जुडी घातली. म्हणाल्या, “माझ्या चेडवाच्या घरातून कोण रिकाम्या हातान जाऊचो नाय.” मग त्या खाली उतरल्या, उरलेली गाडी बघून आल्या आणि निलेशला म्हणाल्या, इंजिन हवं तर ने, पण टाकी मी देणार नाही. ती टाकी आता आईंच्या पलंगाखाली आहे. संदेशने विचारलं, आई, टाकीचं काय करणार? त्या म्हणाल्या, “तुका कित्याक होयी?” विषय संपला.

सगळे जिन्यात असताना कामतकाका मागे राहिले. “मग असं कर,” ते म्हणाले. “सगळ्यांत थोडी थोडी ताई आहे. तर एक रविवार माझी गाडी तू ने. पुढच्या रविवारी निलेशची. मग मीरा रोडची. पाळीपाळीने. नाही म्हणू नकोस, नाहीतर हे पुन्हा उचलून आणीन मी.”

मी नाही म्हटलं नाही.

आज पहिला रविवार होता. कामतकाकांनी गाडी जोडून, धुऊन, सकाळीच मुलुंडला आणून जिन्याजवळ ठेवली आणि स्वतः मागच्या सीटवर बसायला नकार दिला. “तुझ्या नणंदेने तुला शिकवलंय, मला माझा जीव प्यारा आहे,” म्हणाले, आणि आईंबरोबर चहा प्यायला वर गेले. मी एकटी निघाले. चेकनाक्यापर्यंत ती तशीच कुरकुरली, पोटरी तशीच भाजली. घोडबंदरला रस्ता मोकळा मिळाला आणि तो आवाज बदलला. मी एक गिअर खाली टाकला. एका मोठ्या ट्रेलरच्या शेजारून पुढे गेले, कोणी पाठीत गुद्दा घातला नाही. मी ओरडले, ताई, हेल्मेटच्या आत, नुसतीच मोठ्याने ओरडले. रडत होते की हसत होते ते मलाही सांगता येणार नाही.

परतीच्या वाटेवर सिग्नलला थांबले. दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकले होते. शेजारी स्कूटरवर एक गृहस्थ, मागे त्यांची बायको. ते गाडीकडे बघत राहिले, टायरकडे, टाकीकडे, मग माझ्या ओढणीकडे.

“मॅडम, झकास गाडी आहे. मिस्टरांची?”

मी हेल्मेटची काच वर केली. त्यांच्या बायकोनेही मान पुढे काढली होती.

“नणंदेची,” मी म्हटलं.